रेंजचा शोध आणि जोडणीचा वेग

वायफायचा रेडिओ एका वेळी एकाच चॅनलवर असतो. फोन किंवा लॅपटॉप ज्या राउटरला जोडलेला असतो, त्या राउटरच्या चॅनलवर तो बोलतो आणि ऐकतो. आसपास आणखी कोणते राउटर आहेत हे पाहायचे तर त्याला स्वतःचे चॅनल सोडून दुसऱ्यावर जावे लागते. या फेरीला स्कॅनिंग म्हणतात. वापरणाऱ्याने नेटवर्कची यादी उघडलेली नसतानाही उपकरण आपणहून अशी फेरी मारते, तेव्हा ते पार्श्वभूमीतले स्कॅनिंग. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना शेजारच्या ढिगाला काय भाव फुटला हे ऐकायला गेलेल्या व्यापाऱ्याला आपल्या ढिगावरची बोली ऐकू येत नाही. रेडिओची अडचण तीच आहे. आसपासची माहिती हवी असेल तर तेवढा वेळ चालू जोडणीतून काढावा लागतो.

‘स्कॅनिंग कमी करा, नेट सुधारेल’ हा यावरचा नेहमीचा सल्ला आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. स्कॅन किती वेळा करावा यापेक्षा तो कोणत्या कारणाने सुरू होतो आणि त्यातून काही निष्पन्न होण्याची शक्यता किती, हे पाहिले पाहिजे. आज बहुतेक उपकरणांत हा निर्णय अशा गृहीतकावर चालतो जे कार्यालये आणि महाविद्यालये यांना लागू पडते, घरांना पडत नाही. सांगली-साताऱ्याकडच्या घरांना तर मुळीच नाही.

फेरीला वेळ किती लागतो हे आधी पाहू. प्रत्येक राउटर ठरावीक अंतराने आपल्या अस्तित्वाची घोषणा करतो. तिला बीकन म्हणतात, आणि दोन बीकनमधले नेहमीचे अंतर १०२.४ मिलिसेकंद असते. काहीही न बोलता केवळ ऐकून राउटर शोधायचे असतील, तर प्रत्येक चॅनलवर निदान एवढा वेळ थांबावे लागते. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १३ चॅनल वापरली जातात, म्हणजे नुसत्या ऐकण्याच्या फेरीला जवळपास दीड सेकंद. दुसरी पद्धत विचारण्याची. उपकरण चॅनलवर जाऊन ‘येथे कोणी आहे का’ असा संदेश सोडते आणि उत्तरांसाठी वीस-चाळीस मिलिसेकंद थांबते. तेच काम सुमारे अर्ध्या सेकंदात उरकते. पण ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचा काही भाग रडारसाठीही राखलेला असतो, आणि तिथे आधी ऐकल्याशिवाय बोलायची उपकरणांना परवानगी नसते. अशी पंधरा-सोळा चॅनल ऐकत फिरण्यात पुन्हा दीड-पावणेदोन सेकंद जातात. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, आणि ५ गिगाहर्ट्‌झमधला मोठा भाग ऑक्टोबर २०१८मध्ये खुला झाला. चॅनल वाढली, गर्दी विरळ झाली, आणि त्याच प्रमाणात शोधाची फेरीही लांबली. दुसऱ्या परिणामाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

दुसऱ्या चॅनलवर जाण्यापूर्वी उपकरण एक युक्ती करते. ‘मी झोपतो आहे’ असा खोटाच निरोप ते राउटरला देते. वीज वाचवण्यासाठी झोपणाऱ्या उपकरणांचा मजकूर साठवून ठेवण्याची सोय वायफायच्या नियमांत आहेच. तिचाच हा आडवळणी उपयोग. राउटर आलेली पाकिटे, म्हणजे मजकुराचे तुकडे, बाजूला ठेवतो आणि उपकरण परत आले की एकदम देतो. त्यामुळे मजकूर सहसा हरवत नाही, पण उशिरा आणि गठ्ठ्याने पोचतो. चांगले ड्रायव्हर सगळी फेरी एका दमात करत नाहीत. एक चॅनल पाहायचे, परत यायचे, साठलेली पाकिटे घ्यायची, मग पुढचे चॅनल. एकूण वेळ थोडा वाढतो, पण सलग दीड सेकंदाचा खंड पडण्याऐवजी शंभर मिलिसेकंदांचे पंधरा खंड पडतात.

शंभर मिलिसेकंद मोठे की छोटे, हे काम काय आहे त्यावर ठरते. या भागातलेच एक उदाहरण घेता येते. १९९८मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभी करून ऊस उत्पादकांना कारखान्याची माहिती गावातच मिळावी, अशी ती योजना होती. पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या संशोधकांनी त्यातल्या काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला. उसाचे वजन किती भरले, खताची स्थिती काय, एवढेच शेतकऱ्याला हवे होते, आणि ते चार शब्दांच्या संदेशात मावत होते. असा संदेश दोन सेकंद उशिरा आला तरी कोणाचे बिघडत नाही. स्कॅनिंगचा खंड अशा कामाला जाणवतही नाही. वेब पान उघडताना तो किंचित जाणवतो. चित्रपट पाहताना काही सेकंदांचा साठा आधीच उतरवलेला असतो, म्हणून तिथेही निभावते.

बोलण्याचे तसे नाही. इंटरनेटवरच्या आवाजाचे एक पाकीट बहुधा २० मिलिसेकंदांचे असते. शंभर मिलिसेकंदांच्या खंडात पाच पाकिटे अडतात. एका बाजूने दुसरीकडे आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त लागू नयेत, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. सांगलीतले आईवडील पुण्याला नोकरीला असलेल्या मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलतात, तेव्हा वाटेतल्या तारांत आणि यंत्रांत या मर्यादेतला काही भाग आधीच खर्च झालेला असतो. त्यात शंभराची भर पडली की दोघे एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात. ऑनलाइन खेळ खेळणाऱ्यांना याहून कमी उशीरही पुरत नाही. म्हणूनच ही तक्रार प्रथम त्यांनी केली. विंडोज एक्सपीची वायफाय सांभाळणारी सेवा जोडणी उत्तम असतानाही दर मिनिटाला शोधफेरी मारत असे, आणि दर मिनिटाला खेळ क्षणभर गोठत असे. तो काटेकोर नियमितपणाच कारण उघड करून गेला. त्यावर खेळाडूंनी ती सेवाच बंद करण्याचे उपाय शोधले. रोगाच्या मानाने औषध जहाल होते, कारण सेवा बंद असताना जोडणी तुटली तर नवी आपोआप जुळत नसे.

मग स्कॅन करायचाच कशाला? माणूस चालतो म्हणून. विश्रामबागच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या विस्तीर्ण आवारात एकाच नावाचे वायफाय अनेक ठिकाणी लावलेल्या यंत्रांतून पसरवावे लागते. ग्रंथालयातून प्रयोगशाळेकडे निघालेल्या विद्यार्थ्याच्या फोनने मागचे यंत्र वेळेवर सोडून पुढचे धरले नाही, तर तो दूरच्या क्षीण सिग्नलला चिकटून राहतो. असा चिकटलेला फोन स्वतः तर मंदावतोच, शिवाय क्षीण सिग्नलवर प्रत्येक पाकीट कमी वेगाने, म्हणजे जास्त वेळ हवा अडवून पाठवावे लागत असल्याने त्या यंत्रावरच्या इतर सर्वांचा वेळ खातो. मिरजेसारख्या रुग्णालयांच्या गावात रुग्णाबरोबर खाटेसकट फिरणारा वायफायवरचा मॉनिटर असेल, तर हा बदल क्षणात व्हायला हवा. पुढचे यंत्र कोणते हे आधीच माहीत असेल तरच तो क्षणात होतो, आणि आधी माहीत असण्यासाठी आधी स्कॅन केलेला असावा लागतो. अशा ठिकाणी पार्श्वभूमीतले स्कॅनिंग बंद करणे म्हणजे थोडी चणचण टाळण्यासाठी मोठी तूट ओढवून घेणे.

या दोन गरजांचा मेळ घालण्यासाठी जवळपास सर्वांनी एकच तोडगा काढला आहे, तो उंबरठ्याचा. सिग्नल चांगला आहे तोवर गप्प राहायचे, ठरावीक पातळीच्या खाली गेला की शोध सुरू करायचा. ॲपलने आयफोनसाठी जाहीर केलेली पातळी उणे ७० डीबीएम आहे, आणि मॅक संगणकांसाठी उणे ७५. (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे एकक; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण.) शोधात सापडलेले नवे यंत्र निदान ८ डेसिबलने सरस असेल तरच आयफोन तिकडे जातो. त्या वेळी मजकुराची देवघेव चालू नसेल तर १२ डेसिबलचा फरक मागतो. हा फरक मागितला नाही तर दोन यंत्रांच्या मधोमध बसलेला फोन सतत इकडून तिकडे उड्या मारत राहील. लिनक्सवर वायफाय सांभाळणाऱ्या डब्ल्यूपीए सप्लिकंट या प्रणालीत तीन आकडे द्यायची सोय आहे: सिग्नल पातळीखाली असताना दोन फेऱ्यांतले अंतर, ती पातळी, आणि सिग्नल चांगला असतानाचे अंतर. तिच्या नमुना फाइलमध्ये हे आकडे ३० सेकंद, उणे ४५ डीबीएम आणि ३०० सेकंद असे आहेत. उणे ४५ हा राउटरच्या खोलीतच मिळणारा सिग्नल आहे. नमुन्यातले आकडे कोणी जसेच्या तसे उतरवले, तर खोलीबाहेर पाऊल टाकल्यापासून दर अर्ध्या मिनिटाला फेरी सुरू होते.

उंबरठ्याची कल्पना तर्कशुद्ध आहे, पण तिच्यात एक गृहीतक लपलेले आहे. सिग्नल क्षीण झाला म्हणजे जवळ कुठे तरी दुसरा चांगला मिळेल, असे ते गृहीतक. अनेक यंत्रे लावलेल्या आवारात ते बरोबर ठरते. एकच राउटर असलेल्या घरात ते सहसा बरोबर ठरत नाही.

सांगलीच्या गावभागातला जुना वाडा घ्या, किंवा तासगावकडचे दगडी भिंतींचे शेतकऱ्याचे घर. फायबरची तार सोप्यापर्यंत येते, राउटर तिथेच खुंटीला किंवा टीव्हीच्या वर बसतो. माजघर ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत जाताना सिग्नल दोन जाड भिंती पार करतो. माडीवर जायचा तर मधे स्लॅब असतो. मागच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपला उणे ७८ मिळतो. लॅपटॉप नियमानुसार शोध सुरू करतो. त्या घरात दुसरा राउटर नाही, कधी नव्हता. शेजाऱ्यांचे दिसतात, पण त्यांचे पासवर्ड त्याच्याकडे नाहीत. तरी फेरी होते, रिकाम्या हाताने परत येते, आणि काही वेळाने पुन्हा निघते. ज्याची जोडणी आधीच दुबळी आहे, जिथे प्रत्येक पाकीट पाठवायला जास्त वेळ लागतो आहे, त्याच्याच वाट्याला सर्वांत जास्त फेऱ्या येतात, आणि त्यातून मिळण्यासारखे सर्वांत कमी असते. राउटरशेजारी बसलेल्याला, ज्याला खंड सहज परवडला असता, तो सोसावा लागत नाही. पर्याय आहेत की नाहीत हे न पाहता केवळ सिग्नलच्या पातळीवर निर्णय घेणारी कोणतीही व्यवस्था अशीच उलटी वागणार.

यावर उपाय अवघड नाही. उपकरणाने या नावाचे एकच यंत्र आजवर पाहिले असेल, महिनोन्‌महिने दुसरे कधी आढळले नसेल, तर फेऱ्यांमधले अंतर दर अपयशागणिक वाढवत न्यायचे: अर्धा मिनिट, एक, दोन, चार, मग तास. डब्ल्यूपीए सप्लिकंटमध्ये पूर्वी कोणत्या चॅनलवर काय सापडले हे लक्षात ठेवून शोध आखण्याची एक पद्धत आहेच. काही प्रणाली वापरणाऱ्याने एका विशिष्ट यंत्राशी जोडणी बांधून टाकली असेल तर शोध पूर्ण थांबवतात, आणि ते योग्यच आहे. पण घरातल्या राउटरचा बारा अंकी पत्ता जोडणीच्या रकान्यात घालायचा असतो, हे ठाऊक असलेली माणसे किती? मूळ आकडे ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची स्वतःची कार्यालये असतात, आणि मूळ आकडे बदलायला फारसे कोणी जात नाही. म्हणून मूळ आकड्यांची जबाबदारी इतर कोणत्याही सोयीपेक्षा जड आहे.

मोबाइलच्या जाळ्याने हाच प्रश्न फार पूर्वी वेगळ्या वाटेने सोडवला. सांगली-मिरज रस्त्यावरच्या सिटी बसमध्ये फोनवर बोलणारा प्रवासी वाटेत टॉवर बदलतो आणि त्याला ते कळत नाही. याचे कारण फोन तिथे अंदाजाने शोधत नाही. जीएसएममध्ये टॉवरच फोनला शेजाऱ्यांची यादी देतो. फोन एका फ्रेमच्या आठ वेळखाचांपैकी एकीत ऐकतो, एकीत बोलतो, आणि मधल्या मोकळ्या वेळात यादीतले शेजारी मोजतो. त्यातल्या सर्वांत सशक्त सहांची माहिती तो बोलणे चालू असताना दर ४८० मिलिसेकंदांनी कळवत राहतो. कुठे आणि केव्हा जायचे हे जाळे ठरवते. पुढे एलटीईमध्ये मापनासाठी दर ४० किंवा ८० मिलिसेकंदांत ६ मिलिसेकंदांची सुट्टी वेळापत्रकातच लिहिली गेली. सुट्टी केव्हा आहे हे टॉवरला माहीत असते, म्हणून त्या वेळात तो फोनसाठी काही पाठवतच नाही. शोधाची किंमत तिथेही आहे, पण ती आधी मान्य करून हिशेबात धरलेली आहे.

वायफायचे पहिले मानक, ८०२.११, १९९७मध्ये आले, ते तारेऐवजी हवेतून चालणारे कार्यालयीन जाळे म्हणून. परवानामुक्त पट्ट्यात कोणाचेही यंत्र कोणाच्याही शेजारी असणार, त्यामुळे यादी देणारा मध्यवर्ती कारभारी गृहीत धरता येत नव्हता. निर्णय उपकरणावर सोपवला गेला. ही मोकळीक नसती तर वायफाय इतके स्वस्त आणि सर्वदूर झाले नसते, हे खरे आहे. त्या मोकळिकीचे बिल शोधफेऱ्यांच्या रूपाने येते, हेही तितकेच खरे. २००८च्या ८०२.११ के या दुरुस्तीने शेजाऱ्यांची यादी वायफायमध्येही आणली. उपकरणाने विचारले की राउटर आपल्या जाळ्यातली इतर यंत्रे आणि त्यांची चॅनल सांगतो. पंचवीस-तीस चॅनल धुंडाळण्याऐवजी दोन-तीन पाहिली की भागते. २०११च्या ८०२.११ व्हीने ‘आता तिकडे जा’ असे सुचवण्याचीही सोय केली. या सोयी मोठ्या संस्थांच्या यंत्रणांत रुळल्या, पण स्वस्तातल्या घरगुती राउटरांत त्या असतीलच याचा भरवसा नाही. एकुलता एक राउटर असलेल्या घरात त्यांचा एक उपयोग सहसा कोणी सांगत नाही: ‘माझ्याशिवाय येथे कोणी नाही’ हेही उत्तर आहे, आणि ते वारंवारच्या फेऱ्या वाचवू शकते.

आतापर्यंतचा हिशेब शोध घेणाऱ्याच्या बाजूचा झाला. पण विचारून शोधण्याच्या पद्धतीची किंमत शेजारीही मोजतात. चॅनलवर जाऊन कोणी ‘कोण आहे’ असे विचारले की त्या चॅनलवरचा प्रत्येक राउटर उत्तर देतो. २.४ गिगाहर्ट्‌झवर ही उत्तरे जुन्या उपकरणांनाही समजावीत म्हणून बऱ्याचदा सर्वांत कमी वेगाने, १ मेगाबिटने जातात. तीनशे बाइटच्या उत्तराला त्या वेगाने अडीच मिलिसेकंद लागतात. दहा राउटर असतील तर एका प्रश्नामागे पंचवीस मिलिसेकंद हवा अडली. मिरज जंक्शनवर लांब पल्ल्याची गाडी थांबली की शेकडो फोन फलाटावर येतात. प्रत्येकाची जुनी जोडणी तुटलेली, प्रत्येक जण ओळखीचे नेटवर्क शोधणारा. अशा वेळी फलाटावरच्या वायफायची बरीचशी हवा विचारणा आणि उत्तरे यांतच जाऊ शकते, आणि प्रत्यक्ष मजकुराला उरलेसुरले मिळते.

याच ओघात एका लोकप्रिय सल्ल्याचा समाचार घ्यायला हवा. सुरक्षिततेसाठी वायफायचे नाव लपवा, असे अजूनही सांगितले जाते. नाव लपवले की राउटर घोषणेतून ते वगळतो; पण मग त्याचा शोध लागावा म्हणून फोनला जागोजागी ते नाव घेऊन हाक मारावी लागते. घरी लपवलेले नाव फोन बसस्थानकात, बाजारात, दवाखान्यात जाहीर करत फिरतो. फेऱ्या वाढतात आणि गुपितही राहत नाही. अशाच विचारणांवरून फोनची ये-जा टिपता येते हे लक्षात आल्यावर ॲपलने २०१४मध्ये शोधताना फोनचा पत्ता बदलता ठेवायला सुरुवात केली. नाव लपवण्याचा सल्ला मात्र टिकून आहे.

पार्श्वभूमीतले सगळे स्कॅनिंग जोडणीसाठी असते असेही नाही. आसपासच्या राउटरांची यादी म्हणजे ठिकाणाची खूण असते. तिच्यावरून फोन उपग्रहाची मदत न घेता आपण कुठे आहोत हे ओळखतो. म्हणून नकाशे, हवामान, खरेदी अशी अनेक ॲप त्या यादीच्या मागे असतात. अँड्रॉइडमध्ये वायफाय बंद केले तरी ठिकाण ओळखण्यासाठीचे वायफाय स्कॅनिंग चालू राहू शकते, आणि त्याचे बटण वायफायच्या पानावर नसून लोकेशनच्या पानावर असते. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२मध्ये ठरवले, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास फोन आणि टीव्ही बाजूला ठेवायचे. या उपक्रमाची देशभर चर्चा झाली. माणसांनी फोन खाली ठेवला, तरी खाली ठेवलेला फोन त्या दीड तासात आपली चाचपणी करतच राहतो. माणसाच्या लक्षाचा आणि यंत्राच्या लक्षाचा असा काही संबंध नसतो, आणि म्हणूनच यंत्रावर मर्यादा यंत्रातच घालावी लागते. गूगलने २०१८च्या अँड्रॉइड ९मध्ये ती घातली: समोर उघडलेल्या ॲपला दोन मिनिटांत चार फेऱ्या, आणि मागे चालणाऱ्या सर्व ॲपना मिळून अर्ध्या तासात एक. वायफायची तपासणी करणारी, इमारतीच्या आत वाट दाखवणारी उपयुक्त ॲप या नियमाने अडचणीत आली, आणि त्यांच्या निर्मात्यांची नाराजी समजण्यासारखी होती. तरीही नियम योग्य होता. प्रत्येक ॲपला आपली एक फेरी क्षुल्लक वाटते. अशा वीस ॲपच्या फेऱ्यांची बेरीज मात्र त्या वीसांपैकी कोणीच करत नाही.

शोधाची दुसरी किंमत बॅटरीत मोजली जाते, आणि तिचा सर्वांत स्पष्ट अनुभव सह्याद्रीच्या कुशीत येतो. साताऱ्यातल्या कोयनेच्या जलाशयाकाठी किंवा सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला चांदोलीच्या रानाकडे गेलेला फोन मोबाइलची रेंज गमावतो. मग तो सर्व पट्टे, सर्व पिढ्यांची जाळी धुंडाळू लागतो. दूरचा एखादा टॉवर क्षणभर सापडला, तर त्याला गाठण्यासाठी पूर्ण ताकदीने ओरडतो. घरी दिवसभर पुरणारी बॅटरी तिथे दुपारीच मान टाकते. फोन अपयशागणिक फेऱ्यांमधले अंतर वाढवतात, पण फार वाढवले तर रेंजमध्ये परत आल्यावरही काही मिनिटे कळतच नाही. ऑगस्ट २०१९च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. अशा पुरात घरांची वीज जाते, टॉवरची बॅकअप बॅटरीही कधीतरी संपते, आणि जे फोन जिवंत असतात ते नसलेला टॉवर शोधण्यात उरलेली वीज संपवतात. ठरावीक वेळी फोन विमान मोडमधून काढून संपर्क करायचा आणि पुन्हा त्यात टाकायचा, हा तेव्हाचा शहाणपणाचा मार्ग. शोध केव्हा फळेल याचा फोनपेक्षा चांगला अंदाज अशा वेळी माणसाला असतो.

वायफायच्या चिपने मात्र बॅटरीच्या बाबतीत बरीच प्रगती केली आहे. स्क्रीन बंद असताना ओळखीच्या नेटवर्कची छोटी यादी चिपकडे दिली जाते, मुख्य प्रोसेसर झोपलेला राहतो, आणि यादीतले काही दिसले तरच चिप त्याला जागे करते. दोन रेडिओ असलेल्या नव्या उपकरणांत एक रेडिओ जोडणी सांभाळत असताना दुसरा फेरी मारू शकतो. वायफायच्या सातव्या पिढीत एकाच वेळी दोन पट्ट्यांवर जोडलेले राहण्याची तरतूद आहे. मूळ कोंडी एका रेडिओमुळे होती, तेव्हा ती सुटण्याची ही सर्वांत सरळ वाट. महागड्या यंत्रांपुरती आज ती खरी आहे. मोठ्या संस्थांत लावलेली यंत्रेही आपले चॅनल सोडून आसपासची गर्दी मोजत असतात, ही बाब सहज विसरली जाते. चांगल्या यंत्रांत आवाजाची पाकिटे रांगेत असतील तर ही फेरी पुढे ढकलण्याची सोय असते, आणि ती चालू आहे ना हे रुग्णालयासारख्या ठिकाणी मुद्दाम तपासावे लागते.

घरापुरते पाहिले, तर स्कॅनिंगच्या आकड्यांशी झगडण्याआधी सिग्नलच उंबरठ्याच्या वर राहील असे करणे जास्त फायद्याचे. राउटर सोप्यातून घराच्या मध्यावर, उंचावर आणला की निम्मे काम होते. माडीवर किंवा मागच्या खोलीत दुसरे यंत्र बसवायचे तर ते शक्यतो तारेने जोडावे, त्याला तेच नाव आणि तोच पासवर्ड द्यावा, पण चॅनल वेगळे द्यावे, २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनल १, ६ आणि ११ ही तीनच. दुसरे यंत्र आले की शोधालाही अर्थ येतो, कारण आता खरोखर जाण्यासारखी जागा असते.

आणि अडखळणाऱ्या नेटचे खापर स्कॅनिंगवर फोडण्याआधी ते तपासता येते. संगणकावरून थेट घरातल्या राउटरलाच पिंग करत राहायचे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहायचे; बाहेरच्या कोणत्या संकेतस्थळाला नाही. राउटरकडून उत्तर एरवी दोन-चार मिलिसेकंदांत येते. ठरावीक अंतराने, दर तीस सेकंदांनी किंवा दर मिनिटाला, ते शंभरावर उडी घेत असेल तर फेरी चालू आहे. लोकेशन बंद करून, नेटवर्कची यादी उघडलेली खिडकी मिटून पुन्हा पाहायचे. कित्येकदा त्या उघड्या खिडकीमुळेच फेऱ्या चालू असतात. उड्या अनियमित असतील तर शेजाऱ्यांची गर्दी किंवा क्षीण सिग्नल हे कारण जास्त संभवते. राउटरपर्यंतचे आकडे स्थिर असून पुढेच उशीर होत असेल, तर दोष घराबाहेरच्या तारेत आहे.